पांढऱ्या तंबूची रंगीत तालीम

यंदा सुट्टीत हॉटेलात उतरायचं नाही, असं जयंत देवस्थळीनं ठरवलं तेव्हा तो ऑफिसच्या कँटीनमध्ये राजमा-चावल खात होता. जड पोटी माणसानं कुठलाही निर्णय घेऊ नये, हे त्याला तोपर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं.

समोर उन्मेष बसला होता. उन्मेष नुकताच स्लोव्हेनियात तळ्याकाठी तंबू ठोकून, स्वतः रांधून, सहकुटुंब सुट्टी काढून आला होता आणि फोनवर फोटो दाखवत होता. तळं, डोंगर, तंबू, ऑम्लेट उलटणारा उन्मेष. जयंतला त्या ऑम्लेटचं काही वाटलं नाही. त्याचं लक्ष मागे होतं. मागे उन्मेषची बायको हातात कॉफीचा मग घेऊन खुर्चीत पाय ताणून बसली होती आणि खदखदून हसत होती.

मागच्या वर्षी जयंतनं सिंगापूरला किचनवालं अपार्टमेंट घेतलं होतं. त्या सुट्टीचे फोटो त्यानं मनातल्या मनात चाळून पाहिले. एकातही वीणा हसत नव्हती. बहुतेक फोटोंत ती नव्हतीच, कारण ती आत पोळ्या लाटत होती.

त्याच संध्याकाळी दिल्लीत द्वारकेच्या घरी त्यानं जाहीर केलं, "जूनमध्ये स्लोव्हेनिया. तळ्याकाठी तंबू. स्वयंपाक आपला आपण."

"आपण म्हणजे कोण?" वीणानं विचारलं. ती शाळेत केमिस्ट्री शिकवते. तिच्यासमोर मोघम उत्तरं चालत नाहीत.

"मी."

इशितानं, म्हणजे त्यांच्या अकरावीतल्या मुलीनं, कानातला इअरफोन काढला. जयंतच्या आई, कुमुदिनीबाई, शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तू?" आई म्हणाल्या. "तुला डाळीचं पीठ आणि हळद यांतला फरक कळतो का?"

"आई, मी होस्टेलला राहिलोय."

"होस्टेलला मेस होती. तू सुट्टीत घरी यायचास तेव्हा आधी जेवायचास आणि मग नमस्कार करायचास. आणि त्या स्लोव्हानियात आपलं आहे कोण?"

"कोणी नाही, आई. म्हणून तर जायचं."

जेवणं झाल्यावर वीणानं ओटा पुसला, हात कोरडे केले आणि परीक्षेच्या सूचना वाचून दाखवाव्यात तशा सुरात सांगितलं, "आधी तालीम. एका रविवारी, खाली पार्कात. तंबू तू लावायचा, स्वयंपाक तू करायचा, भांडी तू घासायची. मी खुर्चीत बसणार. चहाची गाळणी कुठे आहे, मीठ कशात आहे, असं काहीही होऊन मला एकदा जरी उठावं लागलं, तर तुम्ही तिघं जा. मी इथे एकटी राहीन. आणि जयंत, मला त्याचं फार दुःख होईल असं समजू नकोस."

जयंत हसला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला खरंच काळजी वाटायला लागली. वीणाशिवाय ते तळं म्हणजे नुसतं पाणी. ते द्वारकेत टँकरनंही मिळतं.

मग सामानाला सुरुवात झाली. आठवडाभरात हॉलमधून बाल्कनीत जायला वाटच उरली नाही. जयंतनं कपाळावर बांधायची टॉर्च आणली आणि ती घरभर लावून हिंडू लागला, त्यामुळे ज्याच्याकडे तो बोलायला वळे तो डोळे मिटून घेई. आईंनी भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, लिंबाचं लोणचं, पापड असं भरत भरत शेवटी पोळपाट आणला.

"आई, तिथे पोळपाट लागणार नाही."

"का? तिथे पोळ्या गोल होत नाहीत का?"

सामान भरण्यात आई इतक्या गुंतल्या की रोज सकाळी गेटजवळच्या बाकावर इतर आज्यांबरोबर बसायला जायचं त्यांनी बंदच केलं. (ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जयंतनं ठेवली नाही.)

बॅगेचं वजन करायची त्याची पद्धत अशी, की आधी वजनकाट्यावर स्वतः उभं राहायचं, मग बॅग छातीशी धरून उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. या वेळी पहिली पायरी गाळून स्वतःचं वजन त्यानं दिवाळीतलंच धरलं होतं. बॅग काही केल्या तेवीस किलोंत बसेना. त्यानं पोळपाट काढला, लोणचं काढलं, कुळथाचं पीठ काढलं, तरी जादा ते जादाच. शेवटी इशितानं हळूच सुचवलं, "बाबा, एकदा नुसता उभा राहून बघ ना." तो उभा राहिला. जादा वजन बॅगेत नव्हतंच. लोणचं परत आत गेलं.

तंबू हिरवा मागवायचा होता, पण हिरवा संपला होता, म्हणून पांढरा आला. "पांढराच चांगला," जयंत म्हणाला. "ऊन परत फेकतो." झोपायच्या पिशव्या सायीच्या रंगाच्या आल्या. खुर्च्या मात्र एकदम उन्मेषच्या फोटोतल्यासारख्या आल्या: बुटक्या, घडीच्या, कापडी झोळीच्या.

आता पार्कात तंबू लावायला सोसायटीची परवानगी हवी होती.

"कशासाठी ते सांगू नकोस हं," वीणानं बजावलं. "परदेशी जाऊन तंबूत राहणार म्हटलं की लोक विचारतील, हॉटेल परवडलं नाही का? आधीच सचदेवा आंटी मला सारखं सांगतात की त्यांचा अंशुमन कसा पंचतारांकितच्या खाली उतरत नाही."

तेव्हा जयंतनं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या सरकारी नोकरीला शोभेल अशा हिंदीत लिहिलं: 'रविवार को प्रातः सात बजे से पार्क में परिवार की ओर से टेंट लगाया जाएगा. असुविधा के लिए क्षमाप्रार्थी हैं. देवस्थळी परिवार.'

सोसायटीचे सेक्रेटरी सचदेवाजी एरवी एका कुंडीच्या जागेवरून चार दिवस वाद घालत. त्यांनी फक्त दोन जोडलेले हात पाठवले. मग दुसऱ्या कोणी हात जोडले, मग तिसऱ्यानं, आणि बघता बघता पूर्ण स्क्रीन जोडलेल्या हातांनी भरून गेला. सहाव्या मजल्यावरचे भाटियाजी चंडीगडला गेले होते. त्यांनी तिथून लिहिलं, 'मैं पहुँच रहा हूँ जी. देर हो सकती है, मगर आऊँगा ज़रूर.'

"बाबा," इशिता फोन बघत म्हणाली, "सगळे असे हात का जोडतायत?"

"याला म्हणतात इज्जत," जयंत म्हणाला. "इतकी वर्षं आपण इथे सरळपणे राहिलो, त्याचं हे फळ."

इशिताला काही वेगळंच वाटत होतं. पण ती मुळात कमी बोलते, आणि बाबा त्या वेळी तंबूच्या पिशवीवर गुडघा दाबून तिची चेन लावत होता.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी तालीम सुरू झाली. तंबू उभा राहिला. तो थोडा मेट्रोच्या दिशेला झुकलेला होता, पण उभा होता. गवत ओलं होतं, म्हणून जयंतनं तंबूसमोर घरातल्या धुतलेल्या पांढऱ्या चादरी अंथरल्या. "चादरीवर चपला आणायच्या नाहीत," वीणानं खुर्चीत बसता बसता सांगितलं, म्हणून सगळ्यांच्या चपला गवताच्या कडेला ओळीनं लागल्या. डास चावत होते, म्हणून आईंनी देवघरातल्या उदबत्त्या आणून तंबूच्या दाराशी खोचल्या. डाग पडले तर पडोत म्हणून जयंतनं जुना पांढरा कुर्ता-पायजमा घातला होता.

"मला त्या पिशवीत झोपून बघू दे," आई म्हणाल्या. "जमिनीवर पाठ धरते की काय ते इथेच कळेल. परदेशात कळून उपयोग काय?" त्या तंबूत शिरल्या. इशितानं त्यांना पिशवीत घालून हनुवटीपर्यंत चेन ओढून दिली. तंबूत वाराही छान येत होता. आई क्षणात झोपल्या.

बाहेर वीणा खुर्चीत बसली होती. हातात चहा होता. चहा जयंतनं केला होता आणि तो चहाच आहे हे त्यानं आधी सांगितलं होतं. तिनं एक घोट घेतला आणि भुवया उंचावल्या.

"पिठलं-भात!" जयंतनं जाहीर केलं आणि चिमुकल्या शेगडीपुढे बसून कांदे चिरायला घेतले. दिल्लीचा कांदा फार तिखट. दुसऱ्याच कांद्याला त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पुसायला हात वर केला तर हातालाही कांदाच होता. आता तो अक्षरशः हुंदके देत होता.

नेमके तेव्हा सचदेवाजी आणि सचदेवा आंटी आले. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. दोघांनी चपला काढल्या, उदबत्त्यांकडे पाहून हात जोडले, आणि आंटी सरळ वीणाकडे गेल्या. एरवी वीणा दारात दूधवाला आला तरी उठून उभी राहते. आज ती खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून, ओठ आवळून बसून राहिली.

आंटींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रो ले बेटा. अंदर मत रख."

वीणानं जयंतकडे पाहिलं. जयंत लाल डोळे आणि गळणारं नाक घेऊन पुढे झाला. सचदेवाजींनी त्याला मिठीच मारली.

"हौसला रखो, देवस्थलीजी."

जयंतला भरून आलं. ह्यांना कसं कळलं की आज मी पहिल्यांदा स्वयंपाक करतोय? "कोशिश कर रहा हूँ जी," तो नाक ओढत म्हणाला. "पहले कभी अकेले संभाला नहीं ना."

"सब सीख जाते हैं," सचदेवाजी म्हणाले आणि चादरीवर मांडी घालून, मान खाली घालून बसले.

मग कपूर आले, गुप्ता आले, वरच्या मजल्यावरची तमिळ मंडळी आली. सगळे चपला काढत, हात जोडत, आणि काही न बोलता चादरीवर बसत. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. हळूहळू चादर भरली. मधूनच कोणीतरी मोठा सुस्कारा सोडे.

जयंत गोंधळून गेला. पिठल्याच्या वासानं माणसं येतील असं त्याला वाटलं होतं, पण ती येऊन अशी उदास का बसताहेत ते कळेना.

"बाबा," इशितानं त्याची बाही ओढली. "सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेत."

"उन्हाळा आहे, बेटा."

"आणि सगळे आजीच्या रिकाम्या बाकाकडे बघतायत."

"आत्ता नाही हं इशू. माणसं जेवायच्या वेळेला आलीत. त्यांना तसंच पाठवायचं का?"

हा जयंतचा मूळ स्वभाव. दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाता कामा नये. एवढंच, की आजवर त्या माणसाचं जेवण वीणा करत आली होती. आता त्यानं तालमीसाठी खाली आणलेल्या बॅगा उघडल्या. स्लोव्हेनियासाठी भरलेलं डाळीचं पीठ बाहेर आलं, तांदूळ बाहेर आला, लोणचं, पापड, सगळं बाहेर आलं. लहान पातेलं पुरेना म्हणून त्यानं परातीतच पिठलं ढवळलं. मीठ त्याला सापडत नव्हतं. तो वीणाकडे पाहून तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला अट आठवली. त्यानं तोंड मिटलं आणि लोणच्याचा खार घातला.

कागदी प्लेटा फिरायला लागल्या तशी चादरीवर कुजबुज झाली.

"आज के दिन खाना?" कपूरसाहेबांनी हळूच विचारलं.

"महाराष्ट्र में होता होगा," सचदेवाजी तितक्याच हळू म्हणाले. "अपने-अपने रिवाज हैं. मना मत करना, बुरा लगेगा."

सगळ्यांनी मान खाली घालून पिठलं-भात खाल्ला. खाता खाता आंटींनी डोळे पुसत विचारलं, "माताजी को ये पसंद था?"

"पिठलं? बहुत!" जयंत उत्साहानं म्हणाला. "सुबह-शाम खिला दो, ना नहीं करेंगी."

आंटींना हुंदका आवरेना. जयंत धावत पाणी घेऊन आला. "मिर्ची ज़्यादा हो गई?"

वीणानं दोनदा पुढे वाकून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवी आणि तिला हळूच मागे बसवी. इशितानं तिसऱ्यांदा बाबाला गाठलं. ती इतक्या माणसांसमोर कधी बोलत नाही. कानापर्यंत लाल होऊन तिनं सांगितलं, "बाबा, त्यांना वाटतंय की आजी..."

"आजीला झोपू दे गं," जयंत म्हणाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पाहुण्यांकडे वळला. "माँ अंदर हैं. टेंट में."

चादरीवरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"अंदर हैं?" सचदेवाजींचा घास हातातच राहिला. "अभी... अभी तक अंदर हैं?"

"हाँ जी. सुबह से. बड़े आराम से लेटी हैं."

"पर देवस्थलीजी," कपूरसाहेबांनी घसा साफ केला, "इतनी गर्मी है. ले जाना कब है?"

"जून में," जयंत म्हणाला.

कोणीतरी प्लेट खाली ठेवली.

"जून में?"

"हाँ जी. पहले टिकट नहीं मिला. वीज़ा लग गया है, बस वज़न की दिक्कत है. तेईस किलो से ऊपर नहीं ले जाने देते."

सचदेवाजींनी सगळ्यांकडे पाहिलं. "अपने-अपने रिवाज हैं," असं ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात पहिल्यासारखी खात्री नव्हती. आंटींनी पदराआडून गुप्ता आंटींना विचारलं, "विदेश ले जा के?" गुप्ता आंटींनी कपाळाला हात लावला.

शेवटी सचदेवाजी सेक्रेटरी या नात्यानं उठले. बरोबर आणलेली झेंडूची फुलं त्यांनी ओंजळीत घेतली, तंबूच्या दाराशी वाकले आणि चेन उघडली. आत, सायीच्या रंगाच्या पिशवीत हनुवटीपर्यंत बंद होऊन, कुमुदिनीबाई शांतपणे उताण्या पडल्या होत्या. सचदेवाजींचे डोळे भरून आले. त्यांनी फुलं पायाशी वाहिली आणि एक फूल जरा वर, छातीपाशी ठेवलं.

फुलाच्या वासानं की उदबत्तीच्या धुरानं कोण जाणे, कुमुदिनीबाईंना सणसणीत शिंक आली.

त्यांनी डोळे उघडले. समोर सचदेवाजी. "अरे, सचदेवाजी!" त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या. "चाय पिया क्या?"

सचदेवाजींच्या तोंडून निघालेला आवाज मेट्रोच्या खांबापर्यंत गेला असावा. ते मागच्या मागे चादरीवर आले, चादर ओढली गेली, तिच्यावर परात होती, परात कलंडली. बायका ओरडल्या, कपूरसाहेबांनी आपल्या नसलेल्या चपला शोधल्या, तमिळ मंडळींतल्या आजोबांनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. पार्कातलं प्रत्येक माणूस उठून उभं राहिलं होतं.

फक्त वीणा खुर्चीत बसून होती.

खुलासा व्हायला बराच वेळ गेला, कारण तो जयंत करत होता. तो जितकं समजावी तितकं लोक जास्त गोंधळत. मग इशितानं पुढे होऊन अगदी हळू आवाजात दोन वाक्यांत सांगितलं, की हा तंबू इथे घरचं कोणी गेल्यावर लावतात तसा शोकसभेचा नव्हे, सुट्टीच्या तालमीचा आहे आणि आजी नुसती झोपली होती. त्यावर पार्कात अशी हसाहशी झाली की गेटवरचा गार्डही धावत आला. आंटींनी आईंना मिठी मारली आणि त्या हसता हसता पुन्हा रडल्या, म्हणजे तो दिवस त्यांना एकूण रडण्यातच गेला.

आई पिशवीतून कमरेइतक्या बाहेर आल्या होत्या आणि फार खुशीत होत्या. "कोण कोण आलं होतं गं माझ्यासाठी?" त्यांनी इशिताला विचारलं. "सी ब्लॉकमधल्या मेहराबाई नाही आल्या? बघ, मी त्यांच्या सासूच्या वेळी दिवसभर बसले होते. बरं, पिठलं कोणी केलं? मीठ नाही यात."

"पर ये टेंट?" सचदेवाजी अजून धापा टाकत होते. "विदेश जा के टेंट में रहोगे? क्यों, होटल नहीं मिला?"

वीणानं डोळे मिटून घेतले.

यथावकाश पाहुणे गेले. जाताना प्रत्येकानं पिठल्याची तारीफ केली. आई सगळ्यांचे निरोप घेत घेत गेटजवळच्या आपल्या बाकावर जाऊन बसल्या आणि भोवती आज्यांचा घोळका जमवून पहिल्यापासून गोष्ट सांगू लागल्या. पार्कात सांडलेलं पिठलं, वाकडा तंबू आणि रिकाम्या बॅगा एवढंच उरलं.

पण जयंतचा चेहरा चमकत होता. तो वीणासमोर येऊन उभा राहिला.

"वीणा! तू उठली नाहीस!"

"हो."

"म्हणजे सबंध सकाळ, एवढी माणसं, तरी एकदाही नाही! मी पास!"

"जयंत," वीणा शांतपणे म्हणाली, "जरा हात दे."

त्यानं हात दिला. तिनं तो धरला आणि उठायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. खुर्चीची झोळी तिच्याबरोबर वर आली आणि तिला घेऊन पुन्हा खाली गेली. इशितानं मागून खुर्ची दाबून धरली, जयंतनं पुढून ओढलं, तेव्हा कुठे वीणा सुटली आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"तू कांदा सालासकट चिरायला घेतलास ना," ती म्हणाली, "तेव्हाच मी उठत होते. मग आंटी आल्या तेव्हा. मग तू लोणच्याचा खार ओतलास तेव्हा. ही खुर्ची माणसाला सोडतच नाही."

जयंतचा चेहरा पडला. तो एवढा पडला की इशितानं दुसरीकडे पाहिलं.

"मग तू येणार नाहीस?" त्यानं विचारलं.

वीणा चादरींकडे, परातीकडे, त्याच्या पिवळ्या झालेल्या कुर्त्याकडे पाहत होती. तिच्या ओठांचा कोपरा हलायला लागला. आणि मग ती हसली, अगदी खदखदून, तंबूचा खांब धरून. खांब धरल्यामुळे तंबू बसला, त्यावर ती आणखी हसली.

"सुरुवातीला धडपडले," ती डोळे पुसत म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ दे, बसू. आख्खी सोसायटी जेवून गेली आणि एकानंही मला विचारलं नाही की अजून वाट्या कुठे आहेत. असं कधी झालं होतं? येते मी. भाजणी मात्र नव्यानं भाजावी लागेल. ती तू भाजशील."

"भाजीन!"

"आणि भांडी तुझी. ठरलंय." तिनं इशिताच्या खांद्यावर हात टाकला, बाकावरून आईंना उठवलं आणि तिघी लिफ्टकडे गेल्या. जाताना वीणा अजून हसत होती. इशितानं तिचा एक फोटो काढला.

जयंत एकटाच उरला. भांड्यांचा ढीग त्याच्याकडे बघत होता. पण अशी विजयाची घटका काही रोज येत नाही. पाच मिनिटं टेकू, मग घासू, असं म्हणून त्यानं वीणाच्याच खुर्चीत अंग टाकलं आणि पाय ताणले. काय सुख होतं! समोर तळं आहे अशी कल्पना करून त्यानं डोळे मिटले.

ऊन तोंडावर आलं तेव्हा त्यानं उठायला जोर केला. उठता येईना. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. फोन शेगडीपाशी होता. गार्डही गेटवर परत गेला होता. "इशू!" त्यानं हाक मारली. वर एसी लागले होते आणि खिडक्या बंद होत्या.

तेवढ्यात गेटपाशी टॅक्सी थांबली. तिच्यातून पांढराशुभ्र कुर्ता घातलेले, हातात झेंडूचा मोठा हार घेतलेले भाटियाजी उतरले. चंडीगडहून सरळ येत होते आणि वाटेत त्यांनी फोन पाहिला नव्हता. त्यांना दिसलं ते असं: कोसळलेला पांढरा तंबू, विस्कटलेल्या चादरी, विझलेल्या उदबत्त्या, आणि मधोमध, सगळे सोडून गेल्यावर, डाळीच्या पिठानं माखलेला एकटा जयंत.

भाटियाजींनी चपला काढल्या. ते जवळ आले.

जयंतनं मोठ्या आशेनं आपला हात पुढे केला.

भाटियाजींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, हळूच थोपटला, आणि तसाच धरून डोळे मिटून समोरच्या चादरीवर मांडी ठोकली. भाटियाजी मूळचे फार हळवे. अशा प्रसंगी लवकर उठणाऱ्यांतले ते नव्हेत.